सरावशिबिरात खेळाडूला आव्हान द्यायचं कसं: फुटबॉल प्रशिक्षकांसाठी अठरा दिवसांचा आराखडा

हंगामाआधीच्या शिबिराचा पहिला दिवस बहुतेक मैदानांवर सारखाच जातो. अर्धा तास भाषण, मग मैदानाला दहा फेऱ्या, मग कुणीतरी कडेला जाऊन ओकतो आणि बाकीचे म्हणतात, आज चांगली मेहनत झाली. सहाव्या-सातव्या दिवशी हजेरी गळायला लागते. कुणाची शिफ्ट, कुणाची परीक्षा, कुणाचा गुडघा. प्रशिक्षक म्हणतो, पोरांत जिद्दच राहिली नाही. जिद्द असते. पण आपण रोज जे करतोय त्याचा खेळ सुधारण्याशी आणि संघात जागा मिळण्याशी काय संबंध, हे त्या पोराला कुणी सांगितलेलं नसतं.

आजच्या कुवतीच्या थोडं पुढचं काम द्यावं, ते मोजता येईल असं असावं, प्रशिक्षकानं ते नीट बघावं आणि जे दिसलं ते खेळाडूला सांगावं. हे चार धागे जुळले की खेळाडू दुसऱ्या दिवशी वेळेआधी येतो. खाली जे आहे ते सगळं यासाठीच.

आराखडा अठरा दिवसांचा आहे. संघ कोल्हापूरच्या एखाद्या तालमीचा (म्हणजे पेठेतल्या मंडळाचा) असो, कॉलेजचा असो किंवा जिल्ह्याचा. २० मैदानी खेळाडू आणि ३ गोलरक्षक, एक प्रशिक्षक, एक सहायक असं धरलं आहे. साहित्य: १६ बॉल, ४० मार्कर, दोन रंगांची प्रत्येकी दहा बिब (संघ ओळखायला जर्सीवर घालायची), चार छोटे गोल, एक वजनकाटा, एक स्पीकर आणि एक जाड वही. वही सगळ्यांत महत्त्वाची.

शिबिराआधी: प्रत्येकाशी दहा मिनिटं

शिबिर सुरू होण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येक खेळाडूला एकट्याला भेटावं. २३ जणांचे चार तास होतात. चार संध्याकाळी वाटून घ्यावेत. मैदानाच्या पायऱ्यांवर बसून बोलावं, आजूबाजूला दुसरं कुणी नको. प्रश्न तीनच:

– गेल्या हंगामात तुझं काय चांगलं झालं?
– कोणत्या वेळी तुला बॉल नकोसा वाटतो?
– हा हंगाम संपेपर्यंत तुला कुठं पोचायचंय?

मधला प्रश्न खरा कामाचा. "पाठीवर माणूस असला की", "डाव्या पायावर आला की", "आपल्या बॉक्सजवळ दाब आला की" अशी उत्तरं येतात. घाई करू नये. पहिलं उत्तर बहुतेक वेळा "तसं काही नाही सर" असतं, दुसरं खरं असतं. त्या उत्तरातून त्याचं शिबिराचं काम ठरतं. एका कार्डावर तीन ओळी लिहून त्याच्या हातात द्यायच्या: एक तंत्राचं काम, एक सामन्यातलं काम आणि एक आकडा. समजा डावखुरा लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू आहे. त्याच्या कार्डावर असेल: उजव्या पायानं १५ मीटरचा पास, दाब आला की आतल्या बाजूला वळून बाहेर पडणं, उजव्या पायाचे दहापैकी चारचे सात पास.

याच भेटीत तो आज कुठं उभा आहे तेही स्पष्ट सांगावं. "तू सध्या तिसरा सेंटर बॅक आहेस. पहिल्या दोघांत यायचं तर हवेतला बॉल जिंकावा लागेल." एवढं पुरतं. इथं सर्रास होणारी चूक म्हणजे शिबिराला यावं म्हणून एकाच जागेचं आश्वासन दोघांना देणं. पेठेत ही गोष्ट दोन दिवसांत फुटते आणि शिबिराचे अठराही दिवस तुमच्या कुठल्याच शब्दाला वजन राहत नाही.

दमा, पूर्वी आलेली चक्कर, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार, जुनी दुखापत, कामाची वेळ, रोजे असतील तर ते, हे सगळं वहीत याच वेळी लिहून घ्यावं. अठराखालचा खेळाडू असेल तर पालकांची लेखी संमती आणि फोन नंबर घ्यावा. रोज दोन वेळा येणं ज्याला शक्य नाही त्याला कोणत्या वेळी सूट हे आधी ठरवावं आणि सगळ्यांसमोर सांगावं. चौथ्या दिवशी दिलेली सूट बाकीच्यांना पक्षपात वाटते, आधी सांगितलेली वाटत नाही.

नियम चार-पाचच आणि ते खेळाडूंकडून काढून घ्यावेत. सहा-सात जणांच्या गटात बसवून विचारावं: कोणत्या गोष्टीनं आपलं शिबिर खराब होतं? उशीर, फोन, वाद हे तेच सांगतील. मोडलं तर काय हेही त्यांनाच विचारावं. उशिरा आला तर त्या दिवशीच्या पहिल्या खेळात बाहेर, हा नियम चांगला चालतो, कारण खेळाडूला खेळायचंच असतं. सव्वासहा म्हणजे बूट बांधून तयार की गेटवर हजर, हेही लिहून ठेवावं. निम्मे वाद यावरच होतात.

दिवस १ आणि २: मोजणी

मोजल्याशिवाय आव्हान देता येत नाही. तीन चाचण्या पुरतात.

पहिली यो-यो, म्हणजे दम मोजणारी धाव. २० मीटरवर दोन रेषा, जाऊन परत यायचं, मग १० सेकंद सावकाश चालायचं, बीपसोबत वेग वाढत जातो. बीपचा आवाज शेवटच्या माणसाला ऐकू जायला हवा, म्हणून स्पीकर. दोनदा रेषा चुकली की थांबायचं. दुसरी ३० मीटर धाव, प्रत्येकाला दोन प्रयत्न, चांगला तो धरायचा. तिसरी पासची: १५ मीटरवर दोन मार्करमध्ये २ मीटरचं दार, प्रत्येक पायानं दहा पास, बॉल चालता असावा, ठेवलेला नसावा. स्थिर बॉलवर सगळ्यांचेच आकडे चांगले येतात आणि सामन्यात काही कळत नाही. गोलरक्षकांना यो-योऐवजी डावी-उजवीकडच्या झेपा आणि हातानं ३० मीटरवर अचूक फेक मोजावी.

आकडे भिंतीवर लावायचे का? पहिल्या दिवसाची क्रमवारी लावू नये, असं आमचं ठाम मत आहे. वरच्या पाचांना त्यातून नवं काही कळत नाही आणि खालच्या सहांना आपण खालचे आहोत एवढंच कळतं. लावायचीच तर सुधारणा लावावी: पहिल्या दिवशी किती, अठराव्या दिवशी किती, फरक किती. फरकाच्या यादीत जाडजूड गोलरक्षकही पहिला येऊ शकतो.

निवड-शिबिर लहान वयोगटाचं असेल, उदाहरणार्थ सुब्रतो चषकासाठी शाळेचं, तर जन्ममहिना वहीत लिहावा. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेला मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ एक वर्षानं मोठा असतो. त्याची धाव आणि धक्का पाहून आपण त्याला गुणी समजतो. लहानखुऱ्याला पहिल्या दोन दिवसांत बाजूला काढलं तर तो फुटबॉलच सोडतो.

अठरा दिवसांची आखणी

पहिले दोन दिवस मोजणी आणि छोटे सामने. ३ ते ६ भार चढता, त्यात चौथ्या दिवशी फक्त संध्याकाळ. ७ पूर्ण सुट्टी. ८ ते १२ सगळ्यांत जड. ८, १० आणि १२ ला दोन सत्रं, ९ आणि ११ ला एकच हलकं. १३ सुट्टी आणि बैठक. १४ आणि १६ ला सराव सामने, १५ आणि १७ हलके. १८ ला पुन्हा मोजणी.

हा तक्ता पहिल्या दिवशीच सगळ्यांना द्यावा. पाचव्या-सहाव्या दिवशी मांड्या भरून आलेल्या असतात, नवेपणा संपलेला असतो. उद्या-परवा सुट्टी आहे हे माहीत असेल तर माणूस तेवढं ओढून नेतो. सुट्टी कधी मिळेल हे लपवून ठेवणं म्हणजे कडक शिस्त, असा एक समज आहे. त्यातून खेळाडू स्वतःच रोज थोडी ताकद राखून ठेवायला शिकतो आणि तुम्हाला त्याचा पूर्ण जोर कधीच दिसत नाही.

सहाव्या दिवशी शिबिरातला सगळ्यांत आवडता खेळ ठेवावा. बहुतेकांना तो गोलवर मारण्याचा असतो.

भार मोजायला महागडं यंत्र लागत नाही. कार्ल फॉस्टर या संशोधकानं रूढ केलेली साधी पद्धत आहे: सत्र संपल्यावर वीस-तीस मिनिटांनी प्रत्येकाला वेगळं विचारायचं, शून्य ते दहात आज किती जड गेलं? तो आकडा गुणिले मिनिटं. सकाळी ७५ मिनिटं आणि उत्तर ६, म्हणजे ४५०. संध्याकाळी ६० मिनिटं आणि ७, म्हणजे ४२०. दिवसाचे ८७०. हलक्या दिवशी हा आकडा निम्म्याच्या खाली यायला हवा. रोजच मध्यम-जड काम झालं तर थकवा साचतो आणि कुठलाच दिवस खऱ्या अर्थानं कठीण राहत नाही. सगळ्यांचा आकडा ६ असताना एखादा सलग दोन दिवस ९ सांगत असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी झोप आणि जेवण विचारावं. सकाळी चहा-बिस्किटावर आलेला मुलगा पाऊण तासानंतर मंदावतोच. सत्रानंतर अर्ध्या तासात केळी, उकडलेली अंडी, भिजवलेले हरभरे किंवा शेंगदाण्याची चिक्की, सोबत दूध, एवढी सोय मंडळानं केली तर संध्याकाळचं सत्र बदललेलं दिसेल.

रोजे पाळणारे खेळाडू असतील तर त्यांचं जड काम इफ्तारनंतर किंवा इफ्तारच्या अगदी आधीच्या अर्ध्या-पाऊण तासात ठेवावं, सकाळी त्यांना हलकं काम द्यावं आणि हे सगळ्यांसमोर सांगावं, म्हणजे त्याला सवलत घेतल्यासारखं वाटणार नाही.

वॉर्म-अपला फिफाचा '११ प्लस' वापरावा: तीन भाग, पंधरा व्यायाम, वीस मिनिटं. दुखापती कमी करण्यात तो कसाला उतरलेला आहे. तिसऱ्या दिवसापासून तो रोज वेगळ्या खेळाडूनं घ्यायचा. ज्याचा आवाज मैदानावर कधी निघत नाही, त्याची पाळी सहाव्या दिवसाच्या आसपास लावावी. आधी लावली तर तो लाजून दुसऱ्या दिवशी गायब होतो.

आव्हानाचं माप

दहा प्रयत्नांत सहा-सात वेळा जमतंय आणि तीन-चार वेळा फसतंय, तर आव्हान बरोबर आहे. नऊदा जमलं तर खेळाडू कंटाळतो, तीनदाच जमलं तर पाच मिनिटांत चेष्टा-मस्करी सुरू होते. मैदानावर मस्करी वाढली की शिस्तीचं भाषण देण्याआधी कामाचं माप तपासावं.

माप बदलायला पाच गोष्टी हातात असतात: जागा, माणसं, स्पर्श, वेळ आणि गुण. एका वेळी एकच बदलायची. दोन बदलल्या तर काय लागू पडलं ते कळत नाही, आणि खेळाडूही गोंधळतात.

एक खेळ पूर्ण घेऊ. चार विरुद्ध चार आणि दोन मोकळे खेळाडू, जे बॉल असलेल्या संघाकडून खेळतात. म्हणजे दहा जण. अशी दोन मैदानं आखली की वीस झाले. मैदान ३० बाय २५ मीटर. सलग सहा पास म्हणजे एक गुण. चार मिनिटं खेळ, दोन मिनिटं विश्रांती, असे चार डाव. सहायक प्रत्येक डावाचे गुण लिहितो. एखादा संघ एका डावात आठ-दहा गुण करत असेल तर जागा सैल आहे: एक बाजू पाच मीटरनं कमी करा. दोन्ही संघांचा मिळून एकही गुण झाला नसेल तर उलट करा, किंवा तिसरा मोकळा खेळाडू द्या. चौथ्या डावात धाव मंदावली आणि पास चुकायला लागले तर वेळ तीन मिनिटांवर आणा, पण शिव्या देऊन चौथा डाव ओढू नका. दमलेल्या पायांनी केलेले चुकीचे पास हाही सरावच असतो, चुकीचा.

स्पर्शांचं बंधन जपून वापरावं. "दोनच टच" सांगितलं की बरेच संघ बॉल लांब भिरकावतात, कारण आजूबाजूचे तीन जण मदतीला कोन देत नाहीत आणि बंधन बॉलवाल्याच्या माथी बसतं. त्यापेक्षा एका टचवर झालेल्या गोलला दोन गुण द्यावेत. बंदी घातली की निर्णय प्रशिक्षकाचा होतो, गुण वाढवले की निर्णय खेळाडूकडे राहतो, आणि सामन्यात निर्णय त्यालाच घ्यायचा असतो.

तरीही थोड्या वेळासाठी बंदीचा उपयोग होतो. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांनी ड्रिबलिंगला मनाई असलेल्या आणि फक्त कमजोर पायानं खेळायच्या स्पर्धा भरवल्या होत्या. हेच रहीम १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या आलेल्या आणि १९६२ ला जकार्तात आशियाई सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघाचे प्रशिक्षक. कमजोर पायाचा सामना आपल्या शिबिरात आठ मिनिटांचा ठेवावा, आठवड्यातून दोनदा. पंधरा मिनिटं झाला की खेळाची चाल मरते.

दाब टाकण्याच्या सरावाला हा खेळ: बॉल गेला की सहा सेकंदांत परत मिळवला तर एक गुण. सहायकानं मोठ्यानं सेकंद मोजायचे. डाव तीन मिनिटांचा, विश्रांतीही तेवढीच. हा जड खेळ आहे. एका सत्रात चार डाव पुरे. इथं नेहमी दिसणारी गडबड म्हणजे एकटा आघाडीवीर धावतो आणि मागचे बघत राहतात. अशा वेळी गुणाची अट बदलावी: बॉल मिळाला तेव्हा तिघं जण बॉलपासून दहा मीटरच्या आत असतील तरच गुण. ओरडून जे होत नाही ते या एका अटीनं होतं.

जून-जुलैतल्या चिखलात बॉल जमिनीवरून सरकत नाही. तेव्हा पासचे आकडे धरू नयेत; हवेतला बॉल, दुसरा बॉल (हवेतल्या झटापटीनंतर सुटा पडलेला) आणि थ्रो-इन यांवर गुण द्यावेत.

बाराव्या दिवसापासून आवाजात खेळवावं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की दहा मीटरवरचा साथीदार काय ओरडतो ते ऐकू येत नाही. कडेला स्पीकर मोठ्यानं लावून किंवा ज्युनिअर पोरांना ढोल देऊन वीस मिनिटांचा सामना घ्यावा. "मॅन ऑन" (पाठीवर माणूस आहे), "टर्न" (वळ), "टाइम" (वेळ आहे) हे तिन्ही शब्द तिथं हातवाऱ्यात बदलावे लागतात, आणि हे पहिल्या सामन्याच्या दिवशी कळून उपयोग नसतो.

आपसातली चुरस

मैदानी खेळाडूंचे पाच-पाचचे चार गट करावेत आणि दर पाच दिवसांनी मोडावेत. एकाच गल्लीचे, एकाच कॉलेजचे पहिल्या गटात एकत्र येऊ देऊ नयेत. प्रत्येक गटात एक सीनिअर, एक नवा.

त्याहून उपयुक्त म्हणजे वैयक्तिक गुणांचे सामने. ३५ बाय २५ मीटरची दोन मैदानं, पाच विरुद्ध पाच, चार मिनिटांचे पाच सामने, मध्ये दोन मिनिटं. एका मैदानावर दोन गोलरक्षक, दुसऱ्यावर छोटे गोल, तिसरा गोलरक्षक सहायकासोबत वेगळं काम करतो आणि पाळी बदलते. प्रत्येक सामन्यानंतर संघ पूर्ण बदलायचे. जिंकलेल्या संघातल्या प्रत्येकाला ३, बरोबरीला १. अठ्ठावीस मिनिटांत सगळं होतं. दोन-तीन वेळा खेळवलं की एक गोष्ट वहीत उघड दिसते: कोण ज्या संघात जातो तो संघ जिंकतो. तो नेहमी सगळ्यांत देखणा खेळणारा नसतो. बहुधा वेळेवर जागा घेणारा, बोलणारा, चुकल्यावर परत धावणारा कुणीतरी मधल्या फळीतला असतो. त्याला हे आकडे दाखवावेत. त्याच्याबद्दल आजवर कुणी चार शब्द बोललेलं नसतं.

हरलेल्यांनी साहित्य गोळा करायचं, पाणी भरायचं. हरल्याबद्दल बेडूकउड्या किंवा कान पकडणं नको.

चुरस मारून टाकणारी सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ढिसाळ पंचगिरी. प्रशिक्षक फोनवर बोलत उभा, गोल झाला की नाही यावर पोरं भांडतायत, शेवटी "जाऊ दे, पुढचा गोल जिंकला": एकदा हे झालं की पुढच्या सामन्यात कुणी जीव लावत नाही. गुण दिलेत तर ते नीट मोजा, फाउल द्या, वेळ घड्याळावर संपवा. जमणार नसेल तर गुण ठेवूच नका.

बोलायचं किती, काय, कधी

खेळ थांबवून बोलायचं तर अर्ध्या मिनिटात. वीस मिनिटांत तीन-चारदापेक्षा जास्त थांबवू नये. बाकी सूचना खेळ चालू असताना, त्या एका खेळाडूच्या जवळ जाऊन द्यावी.

"शाबास", "भारी" यांनी बरं वाटतं, शिकायला काही मिळत नाही. कौतुकात काय, कुठं आणि त्यामुळे काय झालं हे तिन्ही हवं: "बॉल यायच्या आधी मागं बघितलंस, म्हणून वळता आलं." टीकेत पुढचं पाऊल हवं: "तिथं उभा राहिलास तर पास बंद होतो. दोन पावलं बाहेर ये." "डोकं वापर की!" यातून खेळाडूला करण्यासारखं काहीच हाती लागत नाही. प्रयत्नाचं कौतुक सगळ्यांसमोर, वागणुकीची कानउघाडणी एकट्याला. सीनिअर खेळाडूच्या बाबतीत तर हे कटाक्षानं पाळावं. ज्युनिअर ज्याला दादा म्हणतात त्याचा सगळ्यांदेखत पाणउतारा केला तर तो आणि ती पोरं दोघंही हातची जातात.

उत्तर देण्याआधी विचारायची सवय लावावी. "तुला कोण मोकळा दिसला?" याचं उत्तर "कुणीच नाही" असेल तर अडचण पासची नसून बघण्याची आहे, आणि काम बदलतं.

आणि एक हिशेब. सहायकाच्या वहीत २३ नावं लिहावीत; प्रशिक्षक सत्रात ज्याला नावानं काही सांगेल त्याच्यापुढे रेघ. तीन दिवसांनी यादी बघा. पाच-सहा नावांपुढे एकही रेघ नसते. तीच पोरं दुसऱ्या आठवड्यात यायची बंद होतात. चौथ्या दिवशी पहिलं बोलणं त्यांच्याशी करायचं.

शिक्षा म्हणून धावणं, आणि ऊन

पास चुकला, दोन फेऱ्या. उशिरा आला, पाच फेऱ्या. याचे दोन तोटे आहेत. धावणं ही शिक्षा ठरली की दाब टाकायला धावणंही पोराला शिक्षाच वाटतं. दुसरं, पास चुकला की फेऱ्या मिळतात हे कळल्यावर खेळाडू अवघड पास देणंच सोडतो, बॉल बाजूला सरकवून मोकळा होतो. तुम्ही चूक कमी केली असं वाटतं, प्रत्यक्षात धाडस कमी केलेलं असतं.

एप्रिल-मेमध्ये तर हा धोक्याचा खेळ आहे. सत्रं सकाळी आठच्या आत संपवावीत, संध्याकाळी साडेपाचच्या आधी सुरू करू नयेत. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी. पाणी कधीही बक्षीस किंवा शिक्षा म्हणून वापरायचं नाही. पहिल्या तीन दिवसांत आधी-नंतर वजन करावं. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला; पुढच्या काही तासांत दीड लिटरपर्यंत भरून काढायला हवा. ६० किलोच्या खेळाडूचं वजन १.२ किलोपेक्षा जास्त, म्हणजे दोन टक्क्यांहून अधिक घटलं तर खेळ आणि निर्णय दोन्ही ढासळतात. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे मैदानावरही करता येतं, चमचे चहाचे.

कुणी अडखळायला लागला, असंबद्ध बोलू लागला, अंग तापलं, तर उष्माघात समजावा. सावलीत न्या, जर्सी काढा, सगळ्या अंगावर थंड पाणी आणि बर्फ, वारा घाला, १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत थंड करणं थांबवायचं नाही. "जरा बसू दे, बरं वाटेल" हे वाक्य अशा वेळी जीवघेणं आहे.

वेगळं लक्ष लागणारे

चमकता खेळाडू जो निम्म्या जोरावर खेळतो: त्याला ओरडू नये, त्याचं काम अवघड करावं. त्याला एका खेळाडूनं कमी असलेल्या गटात टाकावं, फक्त त्याच्यासाठी दोन टच ठेवावेत, सगळ्यांत कमकुवत गटाचं कर्णधारपद द्यावं. आणि कारण सांगावं, नाहीतर त्याला ती खुन्नस वाटते.

जागा अडलेला खेळाडू: कधीकधी जागाच बदलून पाहावी. जकार्तात १९६२ ला डोक्याला जखम झालेल्या बचावपटू जर्नेल सिंग यांना रहीम यांनी आघाडीला खेळवलं, आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धच्या २-१ विजयात त्यांचा गोल होता. (जखमी डोक्यानं खेळवणं आज कुणी करू नये, डोक्याला मार लागला की त्या दिवशी खेळ बंद.) नवव्या आणि अकराव्या, म्हणजे हलक्या दिवशी असे प्रयोग करावेत, सराव सामन्यात पहिल्यांदा नको.

जखमी खेळाडूला घरी बसवलं की तो मनानंही लांब जातो. त्याला रेघांची वही द्यावी, सामन्यात समोरच्या संघाचे कॉर्नर कसे येतात ते लिहायला सांगावं. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा सीनिअरांत आला असेल तर पहिल्या आठवड्यात त्याचं माप सुधारणेचं ठेवावं, जिंकण्याचं नको. त्याच्या जागेवर खेळणारा एक सीनिअर त्याला जोडून द्यावा, आणि सत्र संपल्यावर दहा मिनिटं दोघांनी मिळून काम करावं. गोलरक्षकांना वीस मिनिटं स्वतंत्र, रोज. तिघांत चुरस असली तरी सराव एकत्रच.

शेवटचे पाच दिवस आणि निवड

तेराव्या दिवशी सगळ्यांची कार्डं परत मागवावीत. खेळाडूनं स्वतः शेजारी लिहायचं: कुठवर आलो. मग प्रशिक्षकानं आपलं मत. दोन्हीत मोठा फरक असेल तिथं पाच मिनिटं बसावं.

सराव सामने वरच्या दर्जाच्या एका संघाशी आणि बरोबरीच्या एका संघाशी घ्यावेत. सोप्या संघाला सात गोल मारून काहीच कळत नाही. १४ ला सगळ्यांना निदान ३० मिनिटं खेळवावं, १६ ला पहिली पसंती ६० मिनिटं. सामन्याआधी प्रत्येकाला एकच काम आठवण करून द्यावं, त्याच्या कार्डावरचं. पेप टॉक तीन मिनिटांचा.

अठराव्या दिवशी त्याच चाचण्या, त्याच वेळी, त्याच मैदानावर. संध्याकाळी केलेल्या चाचणीची सकाळच्या आकड्याशी तुलना होत नाही.

आणि वगळलेल्यांना यादी लागण्याआधी समोर बसवून सांगायचं. रात्री अकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर अकरा आणि राखीव टाकून मोकळं होणं सोपं असतं. त्यातून चांगली पोरं कायमची जातात. तीन वाक्यं लागतात: यावेळी तू नाहीस, कारण हे, हे सुधारलंस तर अमुक तारखेला पुन्हा बघतो. कारण वहीतलं असावं: "सोळाव्या दिवशीच्या सामन्यात हवेतले नऊपैकी दोन बॉल जिंकलेस." तो वाद घालेल, ऐकून घ्यावं, निर्णय तिथल्या तिथं बदलू नये. दिलेली तारीख स्वतःच्या फोनमध्ये लावावी आणि त्या दिवशी त्याला खरंच बघायला जावं, बॉल आणि दोन मार्कर घेऊन, तीच पासची चाचणी, तेच १५ मीटर.